आधी झोपेचं बोलू या



मागच्या खेपेला घरी पैसे पाठवण्याचे दर आणि एनआरई खात्यांच्या भानगडींवर लिहिलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली, बहुतेक माझी आकडेमोड चुकली असं सांगणारी. :-) या खेपेचा विषय अगदी वेगळा आहे, आणि तो लिहायचा की नाही हे ठरवण्यातच बरेच महिने गेले.

ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा मावसभाऊ. इथे त्याला नुसतं धाकटा म्हणतो. लिहिण्याआधी त्याला विचारलं, खर्डा पाठवला. त्यानं दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

२०२२चा उन्हाळा. धाकटा तेव्हा २४ वर्षांचा. बी.कॉम. करून मनामातल्या एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला लागला होता आणि गुदैबियात माझ्याच फ्लॅटमध्ये राहायचा. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही क्रिकेट खेळायचो. जुलैपासून तो यायचा बंद झाला. उकडतं म्हणाला, मलाही पटलं. इथल्या ऑगस्टमधली दमट हवा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मग रात्री त्याच्या खोलीतला दिवा जळत राहू लागला. मग पडदे दिवसाही बंद. एकदा तांदळाच्या डब्यात हात घातला तर आत त्याचा मोबाईल! विचारलं तर म्हणाला, ऑफिसमधली माणसं फोनवरून आपलं बोलणं ऐकतात, आणि रात्री खालच्या गाडीत बसून आपल्याविषयी बोलतात, ते त्याला ऐकू येतं.

आता मी पडलो नेटवर्कवाला माणूस. मला वाटलं हा तर आपलाच प्रांत. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी त्याला आमच्या राउटरचे लॉग दाखवले, कुठलं पॅकेट कुठे जातंय ते एकेक करून समजावलं, फोन पुसून नवा करून दिला. सगळं झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, हे सगळं तुला इतकं नीट कसं काय माहीत?"

त्या रात्रीपासून तो खोलीला आतून कडी लावू लागला.

आपल्या धंद्यात चूक दाखवून दिली की काम फत्ते. लॉग खोटं बोलत नाही. पण माणसाची खात्री ही प्रोग्रॅममधली चूक नव्हे, आणि ती खोडायला बसलेला माणूस समोरच्याच्या हिशोबात सरळ शत्रूपक्षात जातो. झेवियर अमाडोर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा भाऊ स्किझोफ्रेनियानं आजारी होता. 'तू आजारी आहेस' हे भावाला पटवण्यात आपण किती वाया गेलो, या अनुभवातून त्यानं २००० साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पुष्कळ रुग्णांना आपण आजारी आहोत हे कळत नाही, आणि हे न कळणं हा हट्ट नसून आजाराचाच भाग असतो. त्यामुळे वाद जिंकून काही होत नाही. आधी ऐकून घ्यायचं, मग ज्या गोष्टीवर दोघांचं एकमत होईल ती शोधायची. हे मला तेव्हा माहीत असतं तर एक राउटर आणि बराच मनस्ताप वाचला असता.

दुसरी चूक याहून मोठी. मी त्याला फसवून डॉक्टरकडे नेलं. व्हिसाची मेडिकल आहे असं सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर त्याच्यादेखतच मी सगळं घडाघडा बोलून टाकलं: मोबाईल, तांदळाचा डबा, गाडी, सगळं. त्याला काही विचारायच्या आतच निम्मा वेळ संपला. दहा-बारा मिनिटांत चिठ्ठी हातात. डॉक्टरांचं निदान चुकलं असं मी म्हणत नाही, औषधही पुढे पुण्यात जवळपास तेच मिळालं. पण घरी आल्यावर त्यानं माझ्याकडे बघत विचारलं, "मेडिकल होती ना?" आणि गोळ्या संडासात टाकून साखळी ओढली. पुढचे तीन आठवडे 'डॉक्टर' हा शब्द घरात काढायची सोय राहिली नाही.

हे तीन आठवडे मला अजून डाचतात. थोडं शास्त्र सांगतो. सायकोसिस हे एका ठरावीक आजाराचं नाव नाही, ती एक अवस्था आहे. खरं काय आणि मनात उमटलेलं काय यातली रेघ पुसट होते, कुणी नसताना आवाज ऐकू येतात, पक्के संशय बसतात. स्किझोफ्रेनियात हे होतं, बायपोलरमध्ये होतं, तीव्र नैराश्यात, नशेनं, काही शारीरिक आजारांतही होतं. म्हणूनच पहिल्या खेपेला शहाणे डॉक्टर लगेच मोठा शिक्का मारत नाहीत. मात्र लक्षणं सुरू झाल्यापासून नीट उपचार मिळेपर्यंत जितका काळ वाया जातो, तितकं पुढचं सावरणं साधारणपणे जड जातं. ऑस्ट्रेलियात पॅट्रिक मॅकगोरी यांनी १९९२ साली मेलबर्नमध्ये खास पहिल्या खेपेच्या तरुण रुग्णांसाठी केंद्र काढलं ते याच विचारानं. म्हणजे घाई हवीच. पण घाईत विश्वास मोडला तर उलट उशीरच होतो, हे मी करून बघितलं.

त्या तीन आठवड्यांतून आम्हाला बाहेर काढलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका मल्याळी सिस्टरनं. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, मानसोपचाराशी तिचा तसा काही संबंध नाही. एका संध्याकाळी ती कडक चहा घेऊन आली, त्याच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, "नींद आता है क्या?" तो म्हणाला, चार दिवस नाही. ती म्हणाली, "बहुत मुश्किल है ना." बस्स. ना गाडीचा विषय, ना फोनचा. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खरा असलेला त्रास विचारला होता!

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून माफी मागितली. मेडिकलची थाप होती हे कबूल केलं. म्हणालो, "तुला इथे झोप लागत नाहीये. घरी जाऊ. तिथे मी तुला डॉक्टरकडे चल म्हणेन, ते आत्ताच सांगून ठेवतो. कधी जायचं ते तू ठरव." त्यानं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाला. नोकरी जाईल, व्हिसा जाईल ही धास्ती त्यालाही होती आणि मला त्याहून जास्त. त्याच्या मॅनेजरनं बिनपगारी रजा दिली, त्याबद्दल त्या गृहस्थांचे उपकार. बहारीन-मुंबई विमान चार तासांचंही नाही, पण माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांबचा प्रवास.

(एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. माणूस जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल किंवा कुणाला इजा होण्याची भीती असेल, तर विश्वास बसायची वाट बघत बसू नका. बहारीनमध्ये ९९९ फिरवा किंवा सरळ इमर्जन्सीला न्या. आमच्यावर ती वेळ आली नाही, हे आमचं नशीब.)

मावशीचं घर चिंचवडला. धाकट्यानं आठ दिवस घेतले, मग आपणहून म्हणाला, चला, झोपेचं औषध घेऊन येऊ. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, थोड्या मात्रेत औषध सुरू केलं आणि त्यांच्याच ओळखीच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दर आठवड्याला जायला सांगितलं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. या बाई म्हणजे पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, आवाज शाळेतल्या गणिताच्या शिक्षिकेसारखा. मी मनात म्हटलं, झालं, हा इथून पळणार.

पहिल्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. आतलं मला धाकट्यानं नंतर सांगितलं. बाईंनी विचारलं, कुठे बसायला आवडेल? तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. दार लावू का म्हणून विचारलं, तो नको म्हणाला, त्यांनी अर्धं उघडं ठेवलं. मग म्हणाल्या, आपल्याकडे अर्धा तास आहे, मधेच उठावंसं वाटलं तर ऊठ, मला राग येणार नाही. त्या वहीत लिहीत होत्या. तो वहीकडे बघतोय हे दिसल्यावर त्यांनी वही फिरवून त्याच्यापुढे ठेवली. मराठीत लिहिलं होतं, त्याला वाचता येईल असं. पुढे प्रत्येक वेळी शेवटची पाच मिनिटं तो ते पान वाचायचा, आणि एखादं वाक्य खोडायला सांगायचा. त्या खोडायच्या.

गाडीतल्या माणसांचं त्यानंच सांगितलं. बाई ना हो म्हणाल्या ना नाही. त्या म्हणाल्या, "ती माणसं खरी आहेत का, ते आज ठरवायला नको. तुला ऐकू येतं आणि त्यामुळे झोप लागत नाही, एवढं आपल्या दोघांना मान्य आहे ना? मग आधी झोपेचं बोलू या."

मी अर्थातच नंतर गूगल केलं. :-) एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ साली मांडलं होतं की थेरपिस्ट आणि रुग्ण यांचं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांबद्दलचा भरवसा. आपल्या भाषेत हँडशेक. तो झाल्याशिवाय डेटा पाठवला तर वाया. बाईंनी पहिल्या अर्ध्या तासात झोप हे एकच ठिकाण ठरवून घेतलं. संशय घालवायचा हे आमचं ध्येय होतं, त्याचं नव्हतंच मुळी.

पण हँडशेकची उपमा इथे थोडी कमी पडते. तो झाला नाही तर डेटा नुसता पोचत नाही. इथे नुकसानही होतं. इंग्लंडमध्ये सॉक्रेटिस नावाची एक मोठी चाचणी झाली होती. पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेला सायकोसिसनं दाखल झालेले ३००हून अधिक रुग्ण तीत होते. काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी थेरपी दिली होती, काहींना साधं आधार देणारं समुपदेशन. लूसी गोल्डस्मिथ आणि सहकाऱ्यांनी त्या माहितीचं नव्यानं विश्लेषण करून २०१५ साली छापलं. थेरपिस्टशी नातं चांगलं जुळलं होतं तिथे जितक्या बैठका जास्त तितका फायदा जास्त. नातं वाईट होतं तिथे बैठका वाढल्या तशी लक्षणं बिघडली! थेरपी कुठली, यानं त्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे 'जाऊन तर येऊ दे, तोटा तर नाही' असं म्हणून ओढत नेणं हे मुळात खरं नाही. माणूस न जुळणाऱ्या थेरपिस्टकडे महिनोन्महिने पाठवत राहण्यापेक्षा दुसरा शोधलेला बरा. आपल्याकडे डॉक्टर बदलणं म्हणजे त्यांचा अपमान, असं का वाटतं कुणास ठाऊक.

आमचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. पाचव्या का सहाव्या आठवड्यात बाईंना यायला चाळीस मिनिटं उशीर झाला. धाकटा बाकावर बसून बसून उठून गेला. घरी येऊन म्हणाला, त्या पण त्यांच्यातल्याच, मला मुद्दाम बसवून ठेवलं. मावशीनं डोक्याला हात लावला. संध्याकाळी बाईंचा फोन आला, मावशीला नाही, त्याला. "मी उशिरा आले, ती माझी चूक. तुला कळवायला हवं होतं. तुला त्या वेळी काय काय वाटलं ते मला ऐकायचंय, रागावलास तरी चालेल." ट्रॅफिकचं कारण नाही, गैरसमज नको करून घेऊस वगैरे नाही. तो पुढच्या आठवड्यात गेला आणि म्हणे पंचवीस मिनिटं बाईंना बोलला. धाकट्याच्या मते त्याचा खरा विश्वास त्या दिवशी बसला. मी या वाक्याबद्दल पुष्कळ विचार केला आहे. आयुष्यात आपल्याला किती मोठ्या माणसांनी कारण न सांगता सॉरी म्हटलं आहे?

आता मावशी. हा भाग लिहिणं सगळ्यात अवघड, कारण ती हे वाचेल. मावशी दर दोन दिवसांनी बाईंना गुपचूप फोन करायची: जेवला नाही, पुटपुटत होता, गोळी जिभेखाली ठेवली वाटतं. आईचा जीव, करणारच. बाईंनी दोन फोन ऐकून घेतले आणि तिसऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जरूर सांगा, पण तुमचा फोन आला होता हे मी त्याला सांगणार." मावशी दुखावली. आम्ही पैसे देतो, मुलगा आमचा, आणि आमच्यापासून लपवतात? काका तर म्हणाले, बाई बदला.

बाईंनी तोडगा काढला. महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसायचं, धाकट्यासकट, आणि कशावर बोलायचं ते त्यानं ठरवायचं. मी मनामाहून फोनवर असायचो. इथली शनिवारची सकाळ, तिथे अडीच तास पुढे. पहिल्या बैठकीचा त्यानं ठरवलेला विषय: मी झोपलो असताना आईनं खोलीत येऊन श्वास चालू आहे का ते बघू नये. मावशी रडली. पण थांबली.

घराला बाहेर ठेवून आपल्याकडे हे काम होत नाही, आणि होऊही नये. चेन्नईची स्कार्फ ही संस्था, १९८४ साली डॉ. शारदा मेनन यांनी सुरू केलेली, आणि कॅनडातलं मॉन्ट्रियल इथल्या पहिल्या खेपेच्या रुग्णांचा एक तौलनिक अभ्यास झाला आहे. चेन्नईत कुटुंबं उपचारात कितीतरी जास्त सामील असतात, आणि उपचार अर्ध्यावर सोडून जाणारे मॉन्ट्रियलपेक्षा फारच कमी. ही आपली ताकद आहे. फक्त ती ताकद रुग्णाच्या पाठीमागून वापरली की त्याला ती पाळत वाटते. आणि पाळत ठेवली जातेय हीच तर त्याची मूळ तक्रार!

मावशीला स्वतःला कुणाशी बोलायला हवं होतं. बाईंनी तिला पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे 'सा'च्या, स्वमदत गटाचं नाव सांगितलं. ही संस्था १९९७ची, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली. वाणी मूळ धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे आपल्यासारखेच परदेशी गेलेले. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातला आजार लपवण्याऐवजी त्यांनी त्यावर मराठीत बोलायला सुरुवात केली. २००४चा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, अतुल कुलकर्णीचा शेष विसरणं कठीण आहे. त्या चित्रपटामागेही वाणींची मोठी धडपड होती. २०१७ मध्ये ते गेले. मावशी त्या गटात जाऊन आली तेव्हा मला फोनवर एवढंच म्हणाली, "अरे, तिथे सगळ्या माझ्यासारख्याच बसल्या होत्या."

सहा महिन्यांनी धाकट्यानं गोळ्या बंद केल्या. वजन दहा-बारा किलो वाढलं होतं, सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग. त्यानं हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. बाईंना सांगितलं. बाई घाबरल्या असणारच, अचानक औषध सोडलं की आजार उलटतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी विचारलं, हे डॉक्टरांना तू सांगशील, की आपण दोघं मिळून सांगू? दोघं मिळून गेले. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं, मात्रा कमी केली. आठवड्याभरात तो पुन्हा औषधावर होता.

आम्हाला हे कळलं वर्षभरानं, त्याच्याच तोंडून, एका शनिवारच्या बैठकीत. मावशी उठून आत गेली. जिवाला धोका असेल तरच घरच्यांना सांगेन, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पण ऐकताना कुणाला त्याचा अर्थ कळतो? मावशीचं आजही म्हणणं आहे की तिला सांगायला हवं होतं. मी तिच्याशी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं की तिला कळलं असतं तर घरात आकांत झाला असता, आणि पुढच्या वेळी त्यानं बाईंनाही सांगितलं नसतं.

मागच्या वर्षी बाईंच्या सांगण्यावरून त्यानं एक कागद केला. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येकाला हा हक्क दिला आहे: पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, माझ्या वतीनं कुणी बोलावं, हे बरं असताना लिहून ठेवता येतं. त्यात त्यानं एक ओळ अशी घातली आहे: मला खोटं सांगून कुठेही नेऊ नये. माझं नाव त्यात नाही, पण मी ओळखलं.

प्रतिनिधी म्हणून नाव मात्र माझंच घातलंय.

आता तो पुण्यात एका सीएकडे अर्धा दिवस काम करतो. औषध चालू आहे. आवाज पूर्ण गेलेत असं नाही, कधीमधी येतात, तो त्यांना 'खालची मंडळी' म्हणतो. इकडे परत यायचं म्हणतोय, मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आलाच तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाची मूळ पाकिटं जवळ ठेवायला सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणी अशी औषधं आखातात आणत असाल तर तुम्हीही ठेवा.

परवा गुरुवारी दुपारी सहज फोन केला तर त्यानं कट केला. नंतर मेसेज: "दादा, ही माझी बाईंची वेळ आहे. या वेळात फोन करत जाऊ नकोस."

कळावे,
मनामाहून,
तुमचा नेहमीचाच